रुखवतातला लॅपटॉप

लग्नातलं रुखवत बायकांनी बघायचं आणि पुरुषांनी पंगत कधी बसते ते बघायचं, अशी आपल्याकडं साधी वाटणी असते. राजकन्या नावाच्या मुलीच्या लग्नात मात्र पुरुषही रुखवताच्या टेबलाभोवती घुटमळत होते. शेवयांच्या ताटामागं, चकल्यांच्या मनोऱ्याला खेटून, थर्माकोलच्या बंगल्याच्या ऐन अंगणात एक सोनेरी लॅपटॉप उघडून ठेवला होता. पापडासारखा पातळ. पडद्यावर नवरानवरीचा फोटो आणि भोवती झेंडूच्या पाकळ्या. औशाच्या त्या मंगल कार्यालयात लोक वहिनी-मेहुण्यांना बाजूला सारून त्याच्यासोबत सेल्फी काढत होते. मुलाचे वडील आप्पासाहेब एकदा उठून बघून आले, मग चार पाहुण्यांना सोबत घेऊन पुन्हा गेले. "सून कॉम्प्युटरवाली हाय आमची," ते सांगत होते, "भाकरी बी त्याच्यावरच करती का काय की!"

हा लॅपटॉप रुखवतात आला कसा, ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी भानगड तिथंच आहे.

राजकन्या औशाजवळच्या एका गावातली. लातूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलेली. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तिनं एक छोटंसं ॲप बनवलं होतं, मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, सोयाबीनचा आजचा भाव दाखवणारं. भाव ती रोज हातानंच भरायची, त्यात काही मोठी करामत नव्हती. पण आपण केलेली चीज दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडते, हे बघून आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. लग्न ठरलं तेव्हा थोरल्या भावानं, सत्यमनं विचारलं, "रुखवतात काय पाहिजे, सांग." बहिणी कपाट मागतात, शिलाई मशीन मागतात. हिनं लॅपटॉप मागितला, आणि नीट मागितला.

"दादा, जुना असला तरी चालंल. जाड असू दे, रंग उडालेला असू दे. पन ताकदीचा बग. दुकानात गेलास की मला फोन लाव, काय बगायचं ते मी सांगते."

सत्यम औशाच्या मोंढ्यात आडतीवर कामाला. पोत्यात हात घालून सोयाबीनचा ओलावा सांगणारा माणूस. नांदेडच्या एका दुकानात त्याच्यापुढं दोन लॅपटॉप ठेवले. एक कुठल्याशा ऑफिसात वापरून आलेला, काळा, विटेसारखा जड. दुसरा नवाकोरा, सोनेरी. दुकानदारानं काळ्याचीच शिफारस केली होती, हेही खरं. बहिणीला फोन लावायला त्यानं मोबाइल हातात घेतला, पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढं रुखवताचं टेबल आलं. वापरलेली वस्तू बहिणीच्या रुखवतात ठेवायची? गावभरच्या बायका हात लावून बघणार, उद्या सासरी टोमणे बसणार. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि सोनेरी लॅपटॉप बांधून घेतला. यंत्र घेताना त्याच्या पोटात काय आहे ते विचारायचं असतं. आपण टेबलावर कसं दिसेल ते विचारतो, आणि वर त्याला माया म्हणतो. ती माया होतीही, नाही असं नाही.

राजकन्या शिरूर अनंतपाळला नांदायला आली. नवरा शिवशंकर एका खाजगी शाळेत शिक्षक. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला, कस्तुराबाईंना, आत्याबाई. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर एक वेळ बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. लॅपटॉप बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये बसला. आत्याबाईंनी त्याच्यावर दोऱ्याचं विणलेलं झाकण घातलं, आणि शिवशंकर कधीमधी त्याच्यावर शाळेच्या चाचण्यांचे मार्क भरू लागला. एवढ्यातच पावसाळा निघून गेला.

मग नांदेडहून दीपमालेचा फोन आला. दीपमाला कॉलेजातली मैत्रीण, आता नांदेडच्या एका छोट्या कंपनीत कामाला. दुकानांसाठी, शिकवणीवाल्यांसाठी मोबाइलची ॲप बनवायची कंपनी. तिथं एक जागा निघाली होती. काम घरबसल्या, महिन्यातनं एखादा दिवस ऑफिसात. पण आधी स्वतःच्या मशीनवर ॲप बनवायचं सॉफ्टवेअर बसवायचं, कंपनी सांगेल ते छोटं ॲप बनवायचं, फोनवर चालवून दाखवायचं. महिनाअखेरपर्यंत. जमलं तर नोकरी पक्की.

"मशीन हाय ना तुझ्याकडं?" दीपमालेनं विचारलं.

"हाय की!" राजकन्या म्हणाली. आवाजात अभिमान होता, तो तिला पुढं पुष्कळ दिवस बोचला.

संध्याकाळी चहा देताना तिनं आप्पासाहेबांपुढं विषय काढला. नोकरी हा शब्द या घरात सुनेच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला. "रोज नांदेडला जायचं म्हनलीस तर न्हाई जमायचं. पन घरात बसून, माहेरानं दिलेल्या मशीनवर काम करायचं, तर कर की. कोन नको म्हनतंय?" दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या शिरूरला ही बातमी माहीत होती. आत्याबाईंनी तर कमालच केली. "सांच्या भाकरी आता मी थापते," त्या म्हणाल्या, "तू बस तुझ्या कामाला." सासूनं भाकरी स्वतःकडं घ्याव्यात, याची किंमत ज्यांना कळते त्यांना कळते. राजकन्येचे डोळे भरून आले.

दीपमालेनं फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं, "सॉफ्टवेअर उतरवून घ्यायच्या आधी मशीन तपास बरं का. विंडोज किती बिटची, मेमरी किती, जागा किती. मग हात लाव." राजकन्येला हे सांगायची गरज नव्हती. कॉलेजात तिनंच दुसऱ्यांना शिकवलं होतं की आधी यंत्राची सिस्टीम त्या सॉफ्टवेअरला चालते का ते बघायचं. पण आपल्या यंत्राची तपासणी तिनं कधी केली नव्हती. भावानं मायेनं दिलेल्या वस्तूचं पोट कोण उघडून बघतं?

दुपारी तिनं दोऱ्याचं झाकण बाजूला केलं. शेजारी आत्याबाई सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. राजकन्येनं सेटिंगमध्ये जाऊन यंत्राची माहिती उघडली आणि वाचली. सिस्टीम बत्तीस बिटची. सॉफ्टवेअरला चौसष्ट बिटची लागत होती. मेमरी दोन जीबी. लागत होती किमान आठ. डिस्क तर एवढीशी की विंडोजनंच ती व्यापून टाकलेली. चुलीपुढं परात मांडली की बसायला जागा नाही, अशा स्वयंपाकघरात जावळाचं जेवण करायला सांगितल्यासारखं होतं ते. तिनं ती माहिती बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. आकडे तेच होते.

"मार्गी लागलं का गं काम?" आत्याबाईंनी सुपातनं मान वर न करता विचारलं.

"हाव आत्याबाई, लागलंय."

हे ती का बोलली, ते तिचं तिलाही कळलं नाही. बोलून गेली, आणि मग मागं घेता येईना.

लातूरच्या एका दुरुस्तीवाल्याला तिनं मोबाइलवरून मॉडेल सांगितलं. तो बिचारा भला माणूस होता. "ह्याची मेमरी बोर्डालाच जोडलेली असती, ताई. वाढवता येत न्हाई. हे पिच्चर बगायचं मशीन हाय." राजकन्येला सत्यमचा असा राग आला की त्याला फोन लावून वाट्टेल ते बोलावंसं वाटलं. आपण काय सांगितलं होतं, त्यानं काय केलं! मग तिला तो कार्यालयात दिसला. रुखवताच्या टेबलाशी उभा राहून, लोकांच्या बोटांचे डाग पडले की स्वतःच्या रुमालानं लॅपटॉप पुसणारा. सकाळपासून जेवलाही नव्हता. राग गेला नाही, पण फोनही लावता आला नाही.

शिवशंकरला सांगितलं तेव्हा त्यानं आधी दार लावून घेतलं. "हळू बोल. आप्पांनी सगळ्या गावात सांगितलंय. मी बी शाळेत सांगून बसलोय."

"मंग काय करू?"

"आता चालत न्हाई म्हनलीस तर आई काय म्हनंल? माहेराहून दिखाव्याचं दिलं म्हनंल. तुझ्या दादाचं नाव निघंल चारचौघांत. चालंल का तुला?"

"न्हाई."

"मंग थांब जरा. बगू पुढच्या वर्षी."

तो प्रेमानं बोलला, तिच्या डोक्यावरून हातही फिरवला. पण दीपमालेच्या कंपनीला पुढचं वर्ष ठाऊक नव्हतं, त्यांना महिनाअखेर ठाऊक होती.

दीपमालेला तिनं खरं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? ऑफिसात एक मशीन रिकामं पडलंय. उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवते. स्टँडवरून घेऊन ये." किती सोपं! पण शिरूरच्या स्टँडवर खोकं उतरणार, ते आणणारा कोणीतरी घरचाच असणार, आणि घरात सोनेरी मशीन असताना हे कशाला, असं दहाजण विचारणार. तरी तिनं आडवळणानं विचारून पाहिलं. "मामा, हापिसवाले त्यांचं मशीन देतो म्हनतेत."

"कामून?" आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "आपन काय कुनापुढं हात पसरलाय का? घरात नवंकोरं हाय म्हनावं. लोकाचं कशाला?"

"मंग मी चार दिवस नांदेडला जाऊन, तिथं बसून करू का?"

"घरात मशीन असताना?"

झालं. ज्या लॅपटॉपमुळं परवानगी मिळाली होती, तोच आता प्रत्येक दारात आडवा पडला होता. तो आहे म्हणून दुसरा नको, तो आहे म्हणून बाहेर जायला नको. आणि तो चालत नाही हे म्हणायचं, तर भावाचं नाक कापायचं. राजकन्या रात्री कूस बदलत मनाशी वाक्यं जुळवायची आणि सकाळी ती जुळवलेली वाक्यं गिळून चहा ठेवायची.

सत्यमचा फोन रविवारी हटकून यायचा. "चाललंय ना काम?"

"चाललंय, दादा."

"नवा घेतला ते बरं केलं बग. जुना असता तर दगा दिला असता."

"हाव," ती म्हणायची आणि काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायची.

त्यात आप्पासाहेबांचे पाहुणे. पूर्वी पाहुणा आला की त्याला नवी विहीर दाखवत, आता सून दाखवू लागले. "राजकन्या, चालू कर बरं जरा. बगू दे ह्यानला." मग ती खिडकीजवळ बसायची, कोरं पान उघडायची आणि टाइप करत राहायची. सुचेल ते. शाळेतली प्रतिज्ञा, आत्याबाईंच्या सोळा सोमवारची कहाणी, लातूरहून नांदेडला जाताना लागणारी गावं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की पाहुण्यांना ते कामच वाटायचं. आत्याबाई भजनाच्या बायकांना दटावायच्या, "हळू बोला गं, तिचं काम चालू हाय." आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो आवाज तिला सगळ्यात जड जायचा. त्या बाईचे गुडघे दुखत होते, आणि ही इथं प्रतिज्ञा लिहीत बसली होती. लाज वाटायची, पण उठायची सोय नव्हती.

महिना संपला. सोमवारी दीपमालेचा फोन आला. "राजू, जागा दिली गं दुसऱ्याला. मी लई सांगून बघितलं. पन तू काहीच दाखवलं न्हाईस, तर मी तरी काय बोलू?"

"बरं," राजकन्या म्हणाली. कणीक मळायची अर्धी राहिली होती, ती तिनं मळून पूर्ण केली. घरात कुणाला सांगितलं नाही. कारण घराच्या हिशेबी काम जोरात चालू होतं, आणि चालू असलेल्या कामाची नोकरी गेली असं कसं सांगायचं? मंगळवारी साखर कारखान्यातले एक गृहस्थ आले. आप्पासाहेबांनी हाक मारली, आणि ती जाऊन लॅपटॉपपुढं बसली.

बुधवारी नरसिंगकाका आले. आप्पासाहेबांचे चुलतभाऊ, निलंग्याकडचे. सोबत मुलगी तनुजा. ती लातूरला बीसीए करत होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. काकांनी खुर्चीवर बसायच्या आधीच लॅपटॉपकडं बोट केलं. "हेच बगाय आलो, आप्पा. तनुजाच्या रुखवतात हुबेहूब असाच ठेवायचा. तसाच सोनेरी." त्यांनी लॅपटॉप उचलून उलटा केला, खालचं नाव वाचायचा प्रयत्न केला, मग चष्मा विसरल्याचं लक्षात येऊन मोबाइलनं त्याचा फोटो काढला. आप्पासाहेब असे खुलले होते की बोलायची सोय नाही. "नांदेडचा हाय. सत्यमरावांना फोन लावून देतो, ते घेऊन देतील."

तनुजा राजकन्येजवळ येऊन बसली. पडद्यावर अहमदपूर, लोहा, नांदेड अशी नावं होती. तिनं ती वाचली असणार, कारण क्षणभर ती गोंधळली. पण बोलली वेगळंच, आणि हळू आवाजात. "वहिनी, ॲपचं काम ना तुमचं? मला बी तेच करायचंय, लग्नानंतर. त्यांच्या घरचे हाव म्हनलेत. लॅपटॉप संगं आनला तर घरात बसून कर म्हनलेत."

राजकन्येचे हात कळफलकावर थांबले. आपल्यासाठी बोलायला तिला इतके दिवस जीभ सापडली नव्हती. आणि आता समोर ही पोरगी, हसऱ्या चेहऱ्याची. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या खिडकीशी, अशीच गावांची नावं लिहीत बसणार. तिची सासूही कदाचित भाकरी थापेल. सत्यमचा चेहरा डोळ्यांपुढं आला. आला तसा तिनं तो बाजूला ठेवला, पण त्याला फार जोर लागला.

"काका," ती म्हणाली, "हा घेऊ नका."

"कामून गं?"

"दिसायला चांगला हाय. पन ॲपचं सॉफ्टवेअर ह्याच्यावर बसतच न्हाई. ह्याची सिस्टीम त्याला चालत न्हाई, मेमरी पुरत न्हाई."

नरसिंगकाका हसले. त्यांना थट्टा वाटली. "मंग तू एवढे दिवस काय करून राहिलीस?"

"बसून राहिले, काका. पाहुने आले की उघडून बसायचं."

आत्याबाई पीठ लागलेल्या हातांनी चौकटीत येऊन उभ्या होत्या. आप्पासाहेब हातातल्या कपाकडं बघत होते. राजकन्या आता थांबली असती तर पुन्हा बोलूच शकली नसती, म्हणून ती घाईघाईनं तनुजाकडं वळली. "तू स्वतः दुकानात जा. जाड असला, काळा असला, वापरलेला असला तरी लाजू नको. तिथंच चालू कर आन आत काय लिहिलंय ते तुझं तू वाच. माझ्या दादानं लई मायेनं घेतला गं. पन टेबलावर ठिवायला घेतला."

पाहुणे फार वेळ थांबले नाहीत. चहा अर्धाच प्यायला गेला. जाताना तनुजानं वाकून नमस्कार केला आणि राजकन्येचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. दार लागल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे मी तिकडं भाकरी थापू लागले तवा तू इकडं नुसती..." त्या आत गेल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तरी राजकन्येला बरं वाटलं असतं.

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मला आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं, मामा?"

आप्पासाहेब पटकन उत्तर देणारे गृहस्थ होते. पंचायतीत, बैठकीत त्यांचा शब्द कधी अडला नव्हता. पण ते खोटारडे नव्हते.

"गप बस म्हनलो असतो," ते म्हणाले. "भाईर बोलू नको म्हनलो असतो."

राजकन्येनं मान हलवली. कप गोळा करायला ती वाकली, तेवढ्यात ते एकदम उठले. "लाव फोन त्या नांदेडच्या पोरीला. पाठीव म्हनावं त्यांचं मशीन. मी स्वतः जातो स्टँडवर आनायला. कोन काय म्हनंल ते म्हनू दे."

"जागा भरली, मामा."

"कवा?"

"सोमवारी."

आप्पासाहेब उभेच राहिले. काहीतरी त्यांच्या ध्यानात येत होतं आणि त्यांना ते येऊ द्यायचं नव्हतं. "सोमवारी? मंग काल कारखान्याच्या साहेबापुढं बसली होतीस, ते?"

"तुम्ही हाक मारली होती, मामा," राजकन्या म्हणाली.